मिरजगावची बावीस काडतुसं

बंदूक मी आयुष्यात तीनदा उडवली असेन आणि तिन्ही वेळा घरी येऊन खांदा शेकत बसलो. काडतुसं मात्र एकोणतीस वर्षं भरली. नगरच्या कापडबाजारामागच्या एका गल्लीत बंदुकांचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून माझं टेबल असे. लग्नाच्या बोलणीत मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की माझे वडील, दादा, 'नगरला दुकानात असतो' एवढंच सांगत आणि पाण्याचा तांब्या पुढे करत. बेलापूरच्या भिक्षुकाचा मुलगा बंदुकीची दारू तोलतो, शिशाच्या गोळ्या ओततो, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नसे.

या कामाला मी लागलो तो तराजूमुळे. बेलापुरात एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. पुड्या बांधायच्या, औषधं तोलायची. औषधाचा आणि दारूचा तराजू एकाच जातीचा, दोन्हीकडे माप ग्रेनचं. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि त्यांच्याच ओळखीतून दुकानाच्या शेठजींनी मला बोलावून घेतलं. "हात थरथरत नाही ना?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. शेठजी पुढे गिऱ्हाइकांशी आणि परवान्यांशी झुंजत; मागच्या खोलीत राज्य करीमचाचांचं. चाचांचे वडील, आजोबा सगळे बंदुकांचे कारागीर. चाचा साठीचे होते, कानांनी थोडे कमी, पण बंदुकीचा घोडा ओढल्याचा आवाज ऐकून कुठली स्प्रिंग थकली आहे ते सांगत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव पंडित ठेवलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, काडतूस एकदा वाजलं की संपलं. तसं नसतं. गोळी जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी हातात राहते. त्या काळी विलायती काडतुसं येणं जवळजवळ थांबलं होतं, पण साहेबलोकांनी मागे ठेवलेल्या जुन्या रायफली घरोघरी होत्या. त्यांच्या मापाचं काडतूस इथे कुणी बनवत नसे. मग लोक रिकाम्या पुंगळ्या फडक्यात बांधून आमच्याकडे आणत. आम्ही बुडातली ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायचो, दारू तोलून घालायचो, वरून गोळी बसवायचो आणि शेवटी मुरड घालायचो.

ही मुरड म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीच्या अंगावरच्या खाचेत आत वळवून दाबायचं. इंग्रजीत त्याला क्रिंप म्हणतात. आई करंजीला घालते तशीच मुरड, फक्त पितळेत, म्हणून मी तिला मुरडच म्हणत असे. साध्या बंदुकीत ती थोडी उणी-अधिक झाली तरी निभावतं. लिव्हरच्या रायफलीत निभावत नाही. या रायफलीला चापाखाली एक कडी असते. कडी खाली ओढून वर केली की वाजलेलं काडतूस बाहेर पडतं आणि नवं वर चढतं. काडतुसं असतात नळीखालच्या दुसऱ्या नळीत, एकामागे एक, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं आणि वरून स्प्रिंगचा दाब. एक बार निघाला की सगळ्यांना हिसका बसतो. मुरड सैल असेल तर गोळी हळूहळू पुंगळीत आत सरकते, काडतूस आखूड होतं, आणि आखूड झालेलं काडतूस ऐन वेळी मधेच अडकतं.

मग सरसकट घट्ट मुरड का घालू नये? कारण पितळही थकतं. तार सारखी वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली की तुटते, तशी प्रत्येक घट्ट मुरडीने पुंगळी तोंडाशी थोडी म्हातारी होते आणि एक दिवस केसाएवढी चीर जाते. चिरलेली पुंगळी भरता येत नाही. तोंड तापवून मऊ केलं तर थोडं आयुष्य वाढतं, पण थोडंच. सैल मुरड घातली तर मात्र पुंगळी खूप टिकते. चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "पुंगळी गिऱ्हाइकाची, पंडित. फुटली तर फुटू दे. मुरड आपली. ती सुटली तर तोंड दाखवायला जागा नाही."

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. कोपरगावकडचे एक बागाईतदार होते. घरात तीन बंदुका, आणि जन्मात चिमणी मारलेली नाही. दर दसऱ्याआधी येत आणि गेल्या वर्षीची न वाजलेली काडतुसं परत करून नवी चकचकीत मागत, कारण शस्त्रपूजेला शिळं चालत नाही. एक निवृत्त फौजदार दर महिन्याला भांडायला येत, की तुमची काडतुसं फुसकी निघतात. चाचांनी एकदा गोडीत विचारलं तेव्हा कळलं, की साहेब काडतुसं देव्हाऱ्यात समईखाली ठेवत आणि समईचं तेल गळून टोप्या भिजत. फौजदारसाहेबांनी जागा बदलली की नाही ठाऊक नाही, पण पुन्हा भांडले नाहीत.

आता मिरजगावचं सांगतो. खरं म्हणजे एवढंच सांगायला मी बसलो आहे.

सत्तर साल उजाडलं त्या हिवाळ्यात एक बाई दुकानात आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल, उंच, उन्हाने रापलेली, पायांत पुरुषी वहाणा. बाई दुकानात आली की शेठजी समजत, नवऱ्याचा निरोप घेऊन आली असणार. हिने काउंटरवर परवाना ठेवला. परवाना वडलांच्या नावचा, शेतीच्या रक्षणासाठी दिलेला, आणि त्यावर रिटेनर म्हणून हिचं नाव: चंद्रकला. रिटेनर म्हणजे मालकाच्या वतीने हत्यार बाळगायला आणि काडतुसं न्यायला सरकारने मान्य केलेला माणूस. शेठजींनी नाव दोनदा वाचलं आणि तिला मागे पाठवून दिलं.

तिने टेबलावर फडकं सोडलं. बावीस पुंगळ्या होत्या. चाचांनी एक उचलली, बूड पाहिलं आणि माझ्याकडे सरकवली. लिव्हरच्या अमेरिकी रायफलीच्या, आणि इतक्या जुन्या मापाच्या की पुण्या-मुंबईच्या दुकानांतही त्या मिळाल्या नसत्या.

"आज्याला गोऱ्या सायबानं जाताना दिली हुती रायफल," ती म्हणाली. "काडतुसं तवाचीच. तात्या म्हनले, नगरात भरून मिळत्यात. डुकरं लई झाल्यात आमच्याकडं. भुईमूग ठिवंनात का जुंधळा ठिवंनात."

"बाई, ही बावीस आहेत तोवर रायफल," चाचा म्हणाले. "एकेक फुटत जाईल. नवीन मिळणार नाही."

"मग फुटंपतूर भरा," ती म्हणाली.

मिरजगाव नगरहून एसटीने दोन तास. ती सकाळच्या गाडीने येई आणि काडतुसं भरून होईपर्यंत आमच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसून राही. पुढे पुरुष गिऱ्हाइकांत बसणं तिला नको असे. दोन-तीन महिन्यांनी एकदा अशी तिची खेप. येताना शेंगा, हुरडा, कधी नुसत्या चिंचा आणी. चाचा चहा मागवत. तिच्याच तोंडून कळलं की लग्नानंतर दोन वर्षांनी ती सासर सोडून आपली आपण माहेरी आली होती. का, ते तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आई नव्हती, भाऊ नव्हता. नऊ एकर रान, एक विहीर आणि वडील तात्या, एवढा तिचा संसार.

माझी थट्टा करायला तिला फार आवडे. मी साधं अंडंही खात नाही हे कळल्यावर ती पोट धरून हसली. "मुंगी मारायची न्हाई आन् दीसभर गोळ्या वतायच्या! पंडित, वर गेल्यावर तुमाला कुटं बसवावं ह्याचा द्येवाला घोर लागंल." मी दारू तोलत असलो की मात्र ती गप्प बसे. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाही आणि मी दारू पुंगळीत ओतली की तिचा श्वास सुटल्याचं ऐकू येई. तसं माझ्या कामाकडे माझ्या घरच्यांनीही कधी पाहिलं नव्हतं.

तिच्या तिसऱ्या खेपेला पहिल्या दोन पुंगळ्या फुटल्या. चाचांनी त्या मोडीच्या डब्यात टाकल्या. वीस उरल्या. मी मनाशी हिशेब केला, अशाच फुटत गेल्या तर दोन वर्षांत संपतील, आणि पुंगळ्या संपल्या की मिरजगावहून नगरला यायचं तिला कारण उरणार नाही. मी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो. तिच्याशी काही बोलावं तर जात वेगळी, ती नवऱ्याकडून आलेली, मी दादांच्या धाकातला. हे सगळं खरं आहे, पण आज पाहिलं तर त्यातलं काहीही मला गप्प बसवण्याएवढं मोठं नव्हतं. मी भित्रा होतो. आणि भित्रा माणूस जे करतो तेच मी केलं. बोलायचं सोडून मुरड सैल केली.

फार नाही, किंचित. पाहून कुणाला कळलं नसतं. मुरड दाबायच्या दट्ट्याचा शेवटचा दाब मी देईनासा झालो, एवढंच. पुढच्या खेपेला एकही पुंगळी फुटली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. चाचांनी एकदा विचारलं, "पंडित, मिरजगावची पुंगळी फुटत कशी नाही रे आजकाल? सोन्याची आहे काय?" पेडगाव आमच्याच जिल्ह्यातलं, वेड पांघरून तिकडे जाणं मला जड गेलं नाही. म्हटलं, "बहुतेक वाजवतच नसतील." चाचा हं म्हणाले. मी स्वतःची समजूत घातली की म्हातारे तात्या एखाददुसरा बार काढत असतील, डुकरं आवाजानेच पळत असतील, एका बाराच्या हिसक्याने काय व्हायचं आहे!

वर्ष गेलं. त्या एका वर्षाएवढं सुख मला पुढे कामातून कधी मिळालं नाही. ते चुकीच्या गोष्टीवर उभं होतं हे मला रोज माहीत होतं आणि तरी सकाळी दुकानाचं दार उघडताना मी आधी तारीख मोजत असे.

बहात्तरच्या जानेवारीत, हुरड्याच्या दिवसांत, ती अवेळी आली. मागच्या खेपेला महिनाही झाला नव्हता. लुगड्यावर वाळलेलं रक्त होतं. स्टुलावर न बसता तिने पदराची गाठ सोडली आणि एक काडतूस चाचांच्या समोर ठेवलं.

"ह्ये बघा. ह्ये आडाकलं."

काय झालं ते तिने उभ्याउभ्याच सांगितलं. पहाटे उजाडता उजाडता ज्वारीत डुक्कर शिरलं होतं. मोठा नर. पहिली गोळी त्याला लागली, पण तो पडला नाही, उलटून अंगावर आला. कडी ओढली तर ती अर्ध्यात रुतली, वर जाईना की खाली येईना. तात्या मागे बांधावर उभे होते. आवाजाच्या अंदाजाने ते काठी घेऊन मधे आले. डुकराने त्यांची मांडी फाडली आणि ते निघून गेलं. तात्यांना बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून एका ट्रकमधून नगरच्या दवाखान्यात आणलं होतं. रक्त थांबलं होतं; पाय राहतो की जातो ते डॉक्टर सांगत नव्हते.

चाचांनी काडतूस खिडकीकडे धरलं. पाहायचं काही नव्हतंच. गोळी निम्मी आत सरकलेली होती. त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही, तळहातावर ठेवून नुसतं माझ्यापुढे धरलं. मग म्हणाले, "बाई, चूक दुकानाची आहे. कशी झाली ते हा सांगेल." आणि पुढच्या बाजूला निघून गेले. चाचांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मुरड मी सैल घातली होती," मी म्हणालो.

"चुकून?"

"नाही. मुद्दाम. पुंगळ्या टिकाव्यात म्हणून."

"आमी म्हनलं हुतं का टिकवा म्हनून?"

"नाही."

"मग कुनासाठी टिकवीत हुता?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला कळलं हे मला दिसलं. तिचा चेहरा क्षणभर सैल झाला आणि मग पुन्हा कठीण झाला.

"तुमाला वाटलं आसंल, तात्या वाजवत्यात," ती म्हणाली. "तात्यांना दोन वर्सं झाली, माजं त्वांडसुदिक नीट दिसत न्हाई. मोतीबिंदू हाय. म्या वाजविते. तुमी भरल्यालं हाय म्हनून त्या जनावराम्होरं बिनघोर हुभी ऱ्हायले हुते मी."

वर्षभर मी जिची वाट पाहत होतो तिलाच मी त्या पहाटे तिथे उभं केलं होतं. मी माफी मागितली असेन. काय शब्द वापरले ते आठवत नाहीत. तिने ते ऐकलं की नाही हेही ठाऊक नाही.

"रडू नगा," ती म्हणाली. "जखमी जनावर हाय, ते फिरून येनार. समदी भरा आता. माज्यासमोर. घट भरा."

पिशवीत सतरा होती, बाकीची दोन त्या पहाटे रानातच पडली होती. ती सगळी उकलून मी पुन्हा भरायला घेतली. चिरलेली पुंगळी कशी ओळखायची ते तिने मला दाखवायला लावलं. मी दाखवलं: तोंड उजेडाकडे धरायचं, फिरवत फिरवत पाहायचं, मग नख कडेवरून न्यायचं. चीर असेल तिथे नख अडतं. तिसऱ्या पुंगळीला तिला ते जमलं. आठवीला माझ्या नजरेतून सुटलेली चीर तिने पकडली. "ही बी गेली, पंडित," म्हणून तिने ती बाजूला ठेवली. मी दट्ट्या शेवटपर्यंत दाबत होतो. वर्षभर चोरून ठेवलेला तो शेवटचा दाब. थकलेलं पितळ बारीक चरकन आवाज करे आणि मी पुंगळी तिच्याकडे देई. अशा नऊ गेल्या. आठ उरल्या. प्रत्येक दाबाबरोबर तिच्या खेपा कमी होत होत्या आणि त्या मीच कमी करत होतो, पण हात कुठेही हलका पडू दिला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चोख काम मी त्या दिवशी केलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. तात्या खाटेवर पडून होते, ती पायथ्याशी बसली होती. "पंडित आल्यात," एवढंच तिने सांगितलं. तात्यांनी हात पुढे केला आणि माझा हात चाचपून धरला.

"या, या. चंद्री लई सांगती तुमचं. नगरला जायाचं म्हनलं की आदल्या दिशी लुगडं धुवून वाळत घालती." आणि ते हसले. "रायफल काय, जुनं हत्यार. आडाकतं कवामवा. तुमी जिवाला लावून घिऊ नगा."

तिने त्यांना सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर पाहत होती. मी सांगायला तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "तात्या, पानी पिता का?" आणि उठली. मग मीही काही बोललो नाही. तात्यांचा पाय वाचला, थोडा ओढत चालावं लागे म्हणतात.

त्यानंतर ती आली नाही. मार्च गेला, मे गेला. पाऊस नावाला पडला, आणि बहात्तरचा तो दुष्काळ आमच्या जिल्ह्यात ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास शिकारीचे कायदे कडक होणार असं शेठजी म्हणू लागले. दुकानात काम कमी झालं. चाचा माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. फक्त माझ्या हातची काडतुसं डब्यात जाण्याआधी एकदा आपल्या बोटांनी चाचपून बघत. मी ते पाहत असे आणि मान खाली घालत असे. सहा महिन्यांनी त्यांनी ते बंद केलं. त्या दिवशी मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी ती दारात उभी होती. खूप वाळली होती. गावाजवळ सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. लुगडं मात्र स्वच्छ धुतलेलं होतं. ती स्टुलावर बसली. चाचांनी पाणी दिलं, ती दोन पेले प्याली. तात्या बरे आहेत म्हणाली. रानात काही नाही म्हणाली, विहिरीत पाय भिजण्यापुरतं पाणी आहे म्हणाली. मग तिने कनवटीतून एक पुंगळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"एवढीच?" मी विचारलं.

"एकच वाजीवली. शेरडांत लांडगा आलता. पीकच न्हाई तर डुकरं कशाला येत्यात?"

मी पुंगळी उचलली. तोंडापासून निम्म्यापर्यंत चीर गेली होती. नख फिरवायचीही गरज नव्हती.

"ही भरत नाही आता," मी म्हणालो.

"बघा की नीट."

"बघितली. गेली ही."

"काईच हुनार न्हाई हिचं?"

"भरता येईल कशीबशी. पण धोका आहे. आणि मी आता तसलं काम करत नाही." हे सांगताना मला, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमान वाटत होता. वाटलं, तिला दिसू दे की हा माणूस सुधारला. हिला पुन्हा कधीही माझ्या हातून दगा होणार नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या जानेवारीत पाहिलं होतं तेवढाच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, पदर सारखा केला, चाचांना "येते" म्हणाली आणि गेली. पुंगळी टेबलावरच राहिली. तिला हाक मारून द्यावी असं मनात आलं, पण फुटक्या पितळेचं ती काय करणार म्हणून मी मारली नाही. एका गिऱ्हाइकाची पंचवीस काडतुसं संध्याकाळपर्यंत द्यायची होती, ती पुढे ओढली.

दुकान बंद करताना चाचा माझ्या टेबलाशी आले. त्यांनी ती पुंगळी उचलली, न्याहाळली, आणि चष्मा काढला.

"पंडित, ही चीर आंधळ्याला दिसेल. तिला दिसली नसेल?"

मी तराजूवर फडकं टाकलं.

"तूच शिकवलंस ना तिला बघायला? फुटकी पुंगळी भरून घ्यायला दोन तास गाडीत बसून कोण येतं रे?"

पुढे कायदा आला. तात्यांनी रायफल तालुक्याला जमा केली, असं त्या बाजूच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. चाचा गेले, दुकान पुढे बरीच वर्षं चाललं, मी तिथूनच निवृत्त झालो. चौऱ्याहत्तरला माझं लग्न झालं, संसार चांगला झाला. बायकोला हे मी फार पूर्वीच सांगितलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुसऱ्या दिवशी गेला का नाहीत?"

दुसरा दिवस रविवार होता. दुकानाला सुट्टी होती. नगरच्या स्टँडवरून मिरजगावला सकाळपासून गाड्या होत्या आणि सगळ्यांच्या वेळा मला पाठ होत्या. मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, स्टँडवर गेलो, आणि दुपारपर्यंत एकेक गाडी सुटताना पाहून घरी परत आलो.